ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?



रात्री दोनला लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन नदीवर पळायचे दिवस कृष्णाकाठच्या बऱ्याच शेतकऱ्यांपुरते संपले. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड बसते. अंथरुणावरून फोन लावला की मोटर सुरू होते. फेज गेला, मोटर बंद पडली की पेटीच उलटा फोन करते. हा मोबाइल स्टार्टर एकच नियम पाळतो. ज्याचा नंबर पेटीत नोंदवला आहे, त्याचेच ऐकायचे. विहीर चार भावांची असो, सातबाऱ्यावर चौघांची नावे असोत, पेटीत थोरल्याचा नंबर असेल तर पाणी थोरल्याच्या फोनवर सुटते आणि थोरल्याच्याच फोनवर थांबते. पाळीच्या पाण्यावरून बांधावर उभी राहिलेली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या एका नंबरची किंमत ठाऊक आहे.

घरात शिरलेली नवी उपकरणे याच पेटीची भावंडे आहेत. मोबाइलवर दिसणारा कॅमेरा, बोलले की ऐकणारा स्पीकर, फोनवरून चालू-बंद होणारे दिवे आणि पंखे, बोटाच्या ठशावर उघडणारे कुलूप, दारावरची कॅमेऱ्याची बेल, मुलाच्या मनगटावरचे लोकेशन सांगणारे घड्याळ, गाडीतला जीपीएस. नावे वेगळी, बांधणी एक. वस्तू घराच्या भिंतीवर असते, तिची आठवण कुठल्यातरी कंपनीच्या दूरच्या संगणकात साठते, आणि तिचा लगाम एका खात्यात असतो. ते खाते बहुधा एका मोबाइल नंबरावर उघडलेले असते. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच नंबरावर येतो. म्हणजे वस्तू घराच्या पैशाची असली तरी घराची नसते, खात्याची असते.

मग ज्या घरात बाई धाकात राहते, त्या घरात हे खाते कुणाचे असते? आजच्या विषयाचा गाभा या एका प्रश्नात आहे. पाळत कशी होते, कायदा कुठवर पोहोचतो आणि घर सोडणाऱ्या बाईने काय सांभाळायचे, या तिन्ही गोष्टी त्याच प्रश्नाभोवती फिरतात.

आधी प्रश्नाचा आवाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे त्यात सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींत एक असे आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या देशभरात १४ टक्केच निघाल्या. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे होता. हे आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. जिच्याकडे स्वतःचा फोनच नाही, तिच्या घरातल्या कॅमेऱ्याचे खाते तिच्या नंबरावर कसे असेल? आणि जिच्याकडे फोन आहे, त्यातले सिमकार्ड तरी कुणाच्या आधारकार्डावर घेतलेले आहे?

सांगली-साताऱ्यात कॅमेरा घरात आला तो हिंसेसाठी नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तो आधी बेदाण्याच्या शेडवर आला, दूध डेअरीत आला, सराफाच्या पेढीवर आला. नंतर पडवीत आला. याला या भागाचे एक खास कारणही आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव, पलूस या तालुक्यांतली हजारो माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोने-चांदी गाळणारा मुलगा दक्षिणेत किंवा बंगालमध्ये, आणि म्हातारे आई-वडील गावी. शेकडो कोसांवरून आई चहा घेताना दिसते, वडील उंबऱ्याला अडखळले तर कळते, ही साधी गोष्ट नाही. सैन्यात असलेल्या मुलांच्या घरीही तेच. यातले बहुतेक कॅमेरे काळजीपोटी लावलेले आहेत, आणि त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

पण काळजी आणि पाळत यांना लागणारे यंत्र एकच असते. वेगळी असते ती परवानगी. ज्याच्यावर नजर आहे, त्याला ती नजर बंद करता येते का? आई म्हणाली, ‘बाळा, आज पावणे आलेत, तो कॅमेरा बंद कर,’ आणि मुलाने केला, तर ती काळजी. सुनेने तेच म्हटल्यावर ‘लपवण्यासारखं काय आहे?’ असे उत्तर आले, तर ती पाळत.

दीड-दोन हजारांत मिळणारा एक कॅमेरा अगदी बल्बसारखा दिसतो आणि बल्बच्याच होल्डरमध्ये बसतो. तो फिरतो, अंधारात पाहतो, ऐकतो आणि बोलतोही. एक दुपार डोळ्यांसमोर आणावी. जेवणे उरकली आहेत, भांडी पालथी घातली आहेत, आणि बाई ओट्याशेजारी बसून लसूण सोलते आहे. शेजारीण येऊन दारात टेकते. दोघी हलक्या आवाजात काहीतरी बोलतात. होल्डरमधला कॅमेरा बारीक घरघर करत वळतो, आणि छतातून आवाज येतो: ‘कोण आलंय गं?’ शेजारीण पदर सावरून उठते. दुसऱ्या दिवशी ती येत नाही.

या दुपारी मारहाण झाली नाही. शिवीही दिली गेली नाही. पंचनामा करावा असे काहीच घडले नाही. तरी त्या घरातून एक माणूस कमी झाले, आणि नेमके तेच माणूस कमी झाले, जे एखाद्या रात्री धावून आले असते. छळाच्या अभ्यासकांनी या प्रकाराला धाकाने ताब्यात ठेवणे म्हटले आहे: फटका क्वचित, पण धाक चोवीस तास. इव्हान स्टार्क या अमेरिकी अभ्यासकाने २००७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले, आणि इंग्लंड-वेल्सने २०१५ च्या कायद्याने असे सततचे नियंत्रण हाच गुन्हा ठरवला. गावात यासाठी जुना शब्द आहे, वचक. कॅमेऱ्याने वचकाला शिफ्ट ड्यूटीतून सोडवले. पूर्वी नवरा कामाला गेला की बाईला आठ-दहा तास मोकळे मिळत. ती मोकळीक गेली.

दूरदेशी याचे पुढचे टप्पे दिसले आहेत. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मदत केंद्रांकडे येणाऱ्या तक्रारी छापल्या. एसी आपोआप बंद पडतो. दाराच्या कुलपाचा आकडा रोज बदललेला असतो. बेल वाजते, दार उघडले तर बाहेर कुणी नाही. ज्या बायका हे सांगत, त्यांना आपल्याच डोक्यावर शंका येऊ लागली होती. इंग्लंडमध्ये १९३८ साली पॅट्रिक हॅमिल्टनचे ‘गॅस लाइट’ नावाचे नाटक रंगभूमीवर आले. त्यात माळ्यावर नवरा दिवे लावतो, त्यामुळे खालच्या मजल्यावरचा उजेड मंदावतो. तिचे मन ताळ्यावर नाही, असे तो बायकोला पटवत असतो. आज ‘गॅसलायटिंग’ हा शब्द सर्रास वापरला जातो, तो त्या दिव्यावरून आला. तेव्हाच्या नवऱ्याला निदान माळ्यावर चढावे लागत होते.

सगळी पाळत कॅमेऱ्यातूनच होते असेही नाही. उलट ज्याला कुणी स्मार्ट म्हणणार नाही, त्या साध्या सोयीच जास्त सांगतात. गाडीचा फास्टॅग नवऱ्याच्या नंबरावर असतो. बाई मुलांना घेऊन कऱ्हाडच्या पुढे निघाली की तासवडे नाक्यावर पैसे कापले जातात आणि मेसेज त्याच्या फोनवर जातो. कोल्हापूरकडे निघाली तर किणी नाक्यावरून जातो. ती कुठल्या दिशेला, किती वाजता गेली, हे कुणी पाठलाग न करता कळते. एटीएममधून काढलेल्या पाचशे रुपयांचा मेसेज तसाच जातो. तिच्या फोनमधले गूगल खाते लग्नानंतर त्यानेच उघडून दिलेले असेल, तर तिचे फोटो, तिचे नंबर, तिचा फोन आता कुठे आहे, हे सगळे दुसऱ्या फोनवर दिसू शकते. तिचा फोन दोन मिनिटे हातात घेऊन व्हॉट्सअॅप दुसऱ्या यंत्राला जोडले, तर पुढचे मेसेज तिथेही उमटतात. लहान मुलाचा टॅब किंवा घड्याळ आईबरोबर माहेरी जाते आणि पत्ता सांगत राहते. पर्समध्ये किंवा गाडीच्या सीटखाली ठेवता येईल एवढ्या चकत्या मिळतात, त्या हरवलेली किल्ली शोधायला बनवल्या होत्या. ॲपलची अशी चकती २०२१ मध्ये बाजारात आली. त्यांचा गैरवापर इतका झाला, की अनोळखी चकती सोबत फिरत असेल तर फोनने सावध करावे, अशी सोय ॲपल आणि गूगल यांनी मिळून २०२४ मध्ये केली.

कुंडलमध्ये हा विषय बोलताना एका प्रसंगाची आठवण टाळता येत नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई या स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या कामात होत्या. त्या काळात भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी आणि साथीदारांनी एक बनाव रचला. भर रस्त्यात नवरा बायकोला मारतो आहे, ती आरडाओरडा करते आहे. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात इतरांनी ठाण्यातल्या बंदुका उचलल्या. स्वातंत्र्यलढ्याची कथा म्हणून ती सांगितली जाते आणि तशीच सांगावी. पण ही युक्ती फळाला का आली, याचाही विचार व्हावा. बाईला मार बसतोय हे दिसले, ऐकू आले, म्हणून खाकी वर्दीतली माणसे हातातले काम टाकून बाहेर आली. तो छळ खोटा होता, पण उघड्यावर होता. आजचा हा छळ खरा आहे, आणि त्याला आवाज नाही. छतातल्या कॅमेऱ्याची बारीक घरघर ऐकून कोणते ठाणे बाहेर येणार?

प्रतिसरकारच्या गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढे सावकारीची आणि जमिनीची प्रकरणे येत, तशी बायकोला टाकून देणाऱ्यांचीही येत. घरातला अन्याय हा गावाचा प्रश्न आहे, हे या मातीत त्या वेळी मान्य झाले होते. त्याच चळवळीतून आलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर, त्यांच्याबरोबर गेल ऑम्व्हेट आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या कार्यकर्त्यांनी पुढे सांगली जिल्ह्यात परित्यक्तांचा प्रश्न उभा केला. टाकलेली बाई कागदावर कुठेच नसते, हे त्यांनी दाखवून दिले. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावाचे, घर सासऱ्याच्या नावाचे, जमीन दिरांच्या नावाची. म्हणून तिचे नाव लागले पाहिजे, ही मागणी होती. किर्लोस्करवाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे १९१० मध्ये कारखाना उभा राहिला आणि १९३० मध्ये तिथूनच ‘स्त्री’ मासिक निघू लागले. कारखाना आणि बाईचा प्रश्न एकाच गावात शेजारी नांदले. या परिसराला नाव लागण्याचे महत्त्व नव्याने शिकवायला नको. फक्त आता नाव लागण्याची एक जागा वाढली आहे. सातबारा, आठ अ, रेशनकार्ड, आणि त्यांच्या जोडीला खाते.

आता कायदा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तेव्हा घरोघरी स्मार्टफोन नव्हता. तरी तो कायदा घडवणाऱ्या स्त्री-चळवळीने व्याख्या रुंद ठेवली, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा त्यात आहे. कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देतात. त्यात प्रतिवादीने फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानेही संपर्क साधू नये, असे बजावता येते, आणि आदेशात नेमून दिलेले आणखी कोणतेही कृत्य करण्यास मनाई करता येते. या शेवटच्या वाक्यातच कॅमेऱ्याची सोय आहे. घरातल्या कॅमेऱ्याचे, वायफायचे, कुलपाचे खाते वापरू नये, पासवर्ड सोपवावा, असे अर्जात स्पष्ट मागायला हवे. मागितले नाही तर मिळत नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल ज्या नमुन्यात भरतात, त्यात मारहाणीचे, हुंड्यावरून बोलण्याचे, घराबाहेर काढण्याचे, घराचा काही भाग वापरू न देण्याचे रकाने आहेत. कॅमेऱ्याचा, फोनचा, खात्याचा वेगळा रकाना नाही. अधिकाऱ्याने विचारले नाही, बाईने सांगितले नाही, तर छळाचा हा भाग कागदावर येतच नाही. आणि बाई आपणहून का सांगत नाही? कारण तिला तो छळ वाटतच नाही. तिला वाटते, घरात कॅमेरा आहे, बस्स. म्हणून विचारणाऱ्याने विचारले पाहिजे. घरात कॅमेरा आहे का, कुठे आहे, कुणाच्या फोनवर दिसतो? तुमचे सिम कुणाच्या नावावर? ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटरमधल्या समुपदेशक, भरोसा सेलमधले पोलीस, आणि गावातली भांडणे मिटवायला बसणारी बैठकीतली वडीलधारी माणसे, या सर्वांनी हे तीन-चार प्रश्न पाठ करावेत. ‘नांदायला पाठवा’ म्हणण्याआधी कॅमेरा कुणाच्या फोनवर आहे हे बैठकीत विचारले गेले, तर अनेक तडजोडींचा खरा अर्थ तिथेच उघडा पडेल.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ७८ मध्ये पाठलागाच्या गुन्ह्यात स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल आणि इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणेही येते. कलम ७७ खासगी क्षणी तिला पाहणे किंवा तिचे चित्रण करणे यासाठी आहे. म्हणजे फोनवरची नजर एका कलमात बसते, न्हाणीघरातला कॅमेरा दुसऱ्यात. ओट्यावरचा, माजघरातला कॅमेरा दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो. खासगी माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. बाईला ज्या घरात संरक्षण हवे, त्याच घराच्या उंबऱ्याशी तो कायदा थांबतो. इथे दुरुस्ती हवी, आणि ती मागण्याची जबाबदारी वकिलांवर आणि महिला संघटनांवर आहे.

न्यायालयांनी थोडी वाट मोकळी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कोलकाता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये, एकत्र राहणाऱ्या भावाच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत असा निर्णय दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यात हस्तक्षेप केला नाही. खटला दोन भावांचा होता. भावाला जो हक्क आहे, तो बायकोला का नसावा? तिच्या वकिलाने हा निकाल पुढे ठेवायलाच हवा. मात्र त्याच वर्षी १४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने, पती-पत्नीने एकमेकांचे चोरून केलेले रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून दाखल होऊ शकते, असे ठरवले. हे दुधारी आहे. धमकीचा आवाज टिपून ठेवणाऱ्या बाईला त्याचा आधार आहे. पण रेकॉर्डिंगची सगळी यंत्रे ज्याच्या खात्यात आहेत, त्याच्या हाती त्यापेक्षा मोठा साठा आहे.

आता सर्वांत नाजूक भाग. छळ होणारी बाई घर सोडायचे ठरवते, तो काळ तिच्यासाठी सर्वाधिक धोक्याचा असतो. या क्षेत्रात काम करणारे जगभर हेच सांगतात. अशा वेळी चांगल्या हेतूचा भाऊ काय करतो? येतो, कॅमेरा उपटतो, वायर तोडतो. कॅमेरा बंद पडल्याची सूचना त्याच क्षणी नवऱ्याच्या फोनवर जाते. तिला निघायला अजून दोन दिवस लागणार असतात, आणि ते दोन दिवस तिला त्याच घरात काढायचे असतात. म्हणून पहिली गोष्ट: राहायची जागा आणि सोबतीची माणसे पक्की होईपर्यंत कोणत्याही यंत्राला हात लावायचा नाही, पासवर्ड बदलायचे नाहीत. भूमिगतांना निरोप पोहोचवणाऱ्या या भागातल्या बायका पेटीतले सामान आवरत बसत नव्हत्या. त्या नेहमीसारख्या पाण्याला निघाल्यासारख्या निघत. तसेच निघायला हवे.

दुसरी गोष्ट, फोन. मदतीसाठी बोलायचे ते नवऱ्याने कधीच हाताळला नाही अशा फोनवरून. आशाताईचा, अंगणवाडीताईचा, शाळेतल्या बाईंचा फोन चालतो. महिलांसाठी १८१, तातडीला ११२, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. नियमाप्रमाणे २०१७ पासून देशात विकलेल्या स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबले की ११२ ला हाक जायला हवी. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचे. वकील परवडत नाही ही अडचण असू नये: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रीला तिचे उत्पन्न न विचारता मोफत वकील देते.

तिसरी, पुरावा. कॅमेऱ्याच्या कार्डात जागा भरली की जुने चित्रण पुसून त्यावर नवे बसते. काही दिवसांत किंवा आठवड्यांत सगळे जाते. म्हणून कॅमेरा कुठे आहे याचा फोटो, त्याच्या बोलण्याचा आवाज, धमकीचे मेसेज हे दुसऱ्या फोनवर टिपून विश्वासाच्या माणसाकडे ठेवायचे. तारीख-वेळ एका वहीत लिहायची. वही माहेरी ठेवली तर बरे. मूळ फोन आणि कार्ड जपायचे, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखला जोडावा लागतो.

बाहेर पडल्यावर मग नंबर. नवऱ्याच्या आधारवर घेतलेले सिम तिच्या फोनमध्ये असले तरी मालक तो असतो. त्याने त्याच नंबरचे दुसरे सिम काढून घेतले की तिचे सारे ओटीपी त्याच्याकडे जातात. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा केला, की छळग्रस्त बाईचा नंबर कुटुंबाच्या खात्यातून वेगळा करून देणे फोन कंपनीवर बंधनकारक राहील. इथे तशी तरतूद नाही, म्हणून स्वतःच्या आधारवर नवे सिम घ्यायचे. आधारला जोडलेला नंबर बदलायला आधार केंद्रावर तिचा बोटाचा ठसा पुरतो. जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही. ही एक गोष्ट फार बायकांना माहीत नसते, आणि पुढची सगळी कुलपे तिच्यावरच उघडतात. त्यानंतर नवे ईमेल, बँकेचा नंबर, व्हॉट्सअॅपला जोडलेली यंत्रे काढून टाकणे, मुलांचे टॅब आणि घड्याळे तपासणे. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ पासून असा दवाखानाच सुरू केला, जिथे बाईच्या शेजारी बसून तिचा फोन आणि खाती एकेक करून तपासली जातात. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दुपार हे काम करायला यंत्रे नकोत, पैसा नको. संगणकाचे ज्ञान असलेल्या चार मुली आणि दार लावून घेता येईल अशी एक खोली पुरेल. कुंडल-पलूसमध्ये ते सुरू व्हावे.

राहिली ती बाई, जी घर सोडत नाही. न्यायालय जिला घर देते. कलम १९ खाली निवासाचा आदेश मिळतो, नवरा बाहेर जातो, बाई आणि मुले आत राहतात. सर्वांना वाटते, प्रकरण संपले. पण दार बदलले, खाते बदलले नाही. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये असाच खटला झाला. घराबाहेर पडलेला नवरा स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या टॅबलेटमधून, फोनवरच्या ॲपच्या साह्याने, बायकोचे तिच्या आईशी चाललेले बोलणे ऐकत होता. त्याला अकरा महिन्यांची कैद झाली. निवासाच्या आदेशानंतरचा पहिला दिवस म्हणूनच कामाचा असतो. आधी राउटर. त्याच्या मागचे बटण दाबून तो मूळ स्थितीत आणायचा, नवे नाव, नवा पासवर्ड. मग कुलूप, मग स्पीकर, मग दिवे. शेवटी कॅमेरा खाली उतरवायचा. त्याच्या अंगावर रिसेटचे बटण असते किंवा टाचणी जाईल एवढे छिद्र असते; ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरले की दिवा लुकलुकू लागतो आणि यंत्र नव्या मालकाचा नंबर मागते. तिथे तिने स्वतःचा नंबर घालायचा. ओटीपी तिच्या हातातल्या फोनवर आला आणि कॅमेरा तिच्या खात्यात उघडला, तर तो दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून लावता येतो. काही कॅमेरे मात्र रिसेट करूनही कंपनीच्या संगणकात जुन्याच खात्याला बांधलेले राहतात आणि नवा नंबर नाकारतात. तसे झाले, तर तो कॅमेरा पुन्हा भिंतीवर चढवायचा नाही.